हातभर वायर

यंदा थंडीनं पौष जरा मनावर घेतला आहे. घाटावरचे पाहुणे हसतात, तुमची कर्जतची थंडी ती काय म्हणतात, हसू देत. भिवपुरीच्या वीजघराच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पूर्वेला सह्याद्री असा अंगावर आल्यासारखा उभा, की साडेसात वाजले तरी ऊन अंगणात उतरत नाही. समोर पश्चिमेला माथेरानचा माथा मात्र केव्हाच पिवळा झालेला असतो. ऊन आधी तिकडं पडतं, मग डोंगर उतरतं, खाचरांवरून, नदीच्या धुक्यावरून एकेक बांध ओलांडत आमच्याकडे यायला निघतं. तोवर आम्ही सगळे त्याची वाट पाहत हातात चहा धरून बसलेले. चहा प्यायचा कमी, हात शेकायचे जास्त.

परवा असाच बसलो होतो आणि दामाअण्णाच्या पडवीकडून ट्रॅक्टरचा तो आवाज आला. घर्र… घर्र… घर्र… आणि मग एक लांब, दमलेला उसासा. थोडा वेळ शांत. पुन्हा घर्र. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण न पाहताच मला ठाऊक होतं की सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असणार, आणि इंजिन काही पकडत नसणार. आत चुलीपाशी सुमन, माझी बायको, वालाच्या शेंगा निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमचा जुना सोबती उठत नाही वाटतं."

मला हसू आलं, आणि हसता हसता ती जुनी लाजही आठवली. गेली कित्येक वर्षं हे दोन्ही एकदमच होतं. मी आता अठ्ठ्याहत्तरचा. गावच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची थंडी कुठली असं कुणी विचारलं तर एकच आठवते, आणि सगळ्यात लाजेची कुठली तर तीसुद्धा तीच. ती आता जशी होती तशी सांगून टाकतो.

त्या वर्षी आम्ही चार घरांनी मिळून हा ट्रॅक्टर घेतला होता. गावातला पहिला. निळा रंग, मागं ट्रॉली, आणि सीटवर कमळू. कमळू डोंगरावरच्या ठाकरवाडीचा. वीजघराच्या कामावर असताना कुणाचं तरी पाहून पाहून तो इंजिन शिकला होता, आणि सगळ्या खोऱ्यात त्याच्यासारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. चालत्या ट्रॅक्टरचा आवाज लांबून ऐकून तो सांगायचा की आज हिला तेल कमी आहे. ट्रॅक्टरला तो 'ही' म्हणायचा, आणि तिच्याशी बोलायचाही. मी ट्रॅक्टर समितीचा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर गुरुजी म्हणून.

भाद्रपदात गणपती आले. विसर्जनाची ट्रॉली सजवायचं काम माझ्याकडे. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मी छोट्या दिव्यांची माळ लावली, पण माळ बॅटरीपर्यंत पोचेना. हातभर कमी पडली. दुकानं बंद, आरती सुरू झालेली. मी बॉनेटखाली पाहिलं, तर इंजिनच्या हीटरला जाणारी छान जाड वायर दिसली. हा हीटर म्हणजे थंडीत इंजिनात जाणारी हवा गरम करायची सोय. चावी अर्धी फिरवून वीस आकडे मोजायचे, मग स्टार्टर मारायचा. भाद्रपदातल्या घामात हीटरला कोण विचारतं? मी ती वायर कापली, मखराच्या लाल चिकटपट्टीनं माळेला जोडली, आणि उरलेल्या टोकालाही तीच पट्टी गुंडाळून ते आत खुपसून दिलं. माळ अशी लखलखली की नदीवर दुसऱ्या गावचे लोक आमची ट्रॉली पाहायला आले. गुरुजींची लायटिंग, गुरुजींची लायटिंग, असं चार दिवस चाललं. मग माळ उतरली, वायरीसकट गणपतीच्या खोक्यात गेली, खोकं माळ्यावर गेलं, आणि मी ते पार विसरलो. हे मी शपथेवर सांगतो. विसरलो होतो. पुढचं मात्र विसरून झालेलं नाही.

मार्गशीर्ष सरता सरता एका सकाळी ट्रॅक्टर उठेना. इंजिन फिरायचं, पांढरा धूर काढायचं, आणि थांबायचं. भिसेगावच्या फिटरला निरोप गेला. तो बिचारा त्याच्या हातातलं काम आटोपून दुपारी आला. तोवर बॉनेट तव्यासारखं तापलेलं. त्यानं चावी फिरवली, आणि पहिल्या झटक्यात ट्रॅक्टर सुरू. फिटर आमच्या तोंडाकडे बघतो, आम्ही ट्रॅक्टरच्या. वैद्य दारात आल्यावर ताप उतरावा तसं. त्यानं फिल्टर धुतला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पांढरा धूर. फिटर असा तीनदा आला, तिन्ही वेळा दुपारी, आणि तिन्ही वेळा ट्रॅक्टर शहाण्या मुलासारखा वागला. चौथ्या वेळी त्यानं नुसता निरोप धाडला की तुमच्या ट्रॅक्टरला काही झालेलं नाही, तुम्हीच जरा उशिरा उठत जा.

कमळूनं मात्र पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. धुराकडे बघत, हात काखेत घालून तो म्हणाला, "धूर नाय तर डिझेल नाय, गुरुजी. ह्यो पांढरा धूर हाय म्हंजी डिझेल पोचतंय, पन ऊब नाय. हिला ऊब पायजे."

मग सुरू झाल्या आमच्या त्या सकाळी. दामाअण्णाच्या पडवीपासून कालव्याच्या मोरीपर्यंत छान उतार आहे. कमळू सीटवर बसून दुसरा गियर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, आणि सगळं गाव मागून ढकलायचं. दूध घालायला निघालेले कॅन खाली ठेवून यायचे. बायका हंडे ठेवून यायच्या. एकदा एक वरात उतरून आली, नवरदेवासकट. मी पुढं उभा राहून मोजायचो. मास्तर ना मी. गळ्यात मफलर, हात वर, एक, दोन, तीन. तीन म्हटलं की सगळे जोर लावायचे, चाकं गवतावरचं दव चिरत निघायची, मोरीच्या अलीकडे कमळू क्लच सोडायचा, ट्रॅक्टर एक गचका द्यायचा, आणि मग तो आवाज! आधी एकच ठोका, मग दुसरा, मग सगळे ठोके एकमेकांत मिसळून गेलेले, पांढरा धूर काळा झालेला, आणि धुक्यात मागं राहिलेली माणसं हसत, धापा टाकत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत उभी. अंगात अशी ऊब यायची की शेकोटीची गरज नसायची. इतकं एकत्र आणि इतकं सकाळी आमचं गाव त्याआधी कधी हसलं नव्हतं, नंतरही नाही.

दामाअण्णा, ट्रॅक्टरच्या चार मालकांतला एक, जिभेचा तिखट. तो ढकलता ढकलता ओरडायचा, "गुरुजी, शाळेत पोरांना विज्ञान शिकवता ना? मग हे एक पोर तेवढं उठवा." सगळे हसायचे, मीही हसायचो. मोजायचं काम माझं असल्यामुळे मला ढकलावं लागत नसे, आणि ते कुणाला खटकतही नसे.

थंडी वाढली तसं ढकलूनही भागेना. तेव्हा कमळूनं पोपटीचा निखारा आणला. पोपटी आमच्याकडचा थंडीतला सण म्हणा ना. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला, आणि मडकं शेतात पालथं घालून भोवती पेंढा नि गोवऱ्या पेटवायच्या. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि तो चर्र करून उडाला की पोपटी झाली. भांबुर्ड्याचा तो उग्र, हिरवा वास शेंगांना लागतो, बोटांना लागतो, दुसऱ्या दिवशी शाळेत खडू हातात घेतला तरी येतो. तर आदल्या संध्याकाळच्या पोपटीचे निखारे कमळू राखेत पुरून ठेवायचा. सकाळी घमेल्यात घेऊन, आधी कुठं डिझेल गळत नाही ना ते वाकून, वास घेऊन बघायचा, आणि घमेलं इंजिनच्या पोटाखाली सरकवायचा. मग उकिडवा बसून ट्रॅक्टरशी बोलायचा. अर्ध्या तासात ऑइल पातळ व्हायचं आणि ट्रॅक्टर उठायचा. सगळ्या गावाला कळलं होतं की पोपटी झाली की ट्रॅक्टर चालू होतो, त्यामुळे त्या वर्षी रोज कुणाकडे ना कुणाकडे पोपटी. इतक्या शेंगा मी जन्मात खाल्ल्या नाहीत.

अशाच एका सकाळी निखाऱ्याची राख झटकत कमळू मला म्हणाला, "गुरुजी, एकदा हिचा हीटर बघू का?"

आणि मला वायर आठवली. सगळी एकदम आठवली: माळ, नदी, लाल पट्टी. कान तापले. शेजारी दामाअण्णा उभा होता, त्याच्या जिभेवर आता काय काय येईल ते मला ऐकूही आलं. मी म्हणालो, "हीटर मी पाहिलाय. ठीक आहे."

कमळूनं माझ्याकडे पाहिलं. बरं म्हणाला.

मी ठरवलं की गुपचूप नवी वायर जोडून टाकायची. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कर्जतच्या बाजारात जाऊन वायर घेतली, पिशवीत टाकली. पण ट्रॅक्टर एकटा सापडेल तर ना! सकाळी गाव ढकलायला, दिवसा खाचरात, संध्याकाळी भोवती पोपटी. मी पिशवी खांद्याला लावून आठवडाभर ट्रॅक्टरभोवती घुटमळत राहिलो. मधे एकदा कमळूनं पुन्हा हीटरचं विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्याइतका त्रास होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

मग कालव्याला पाणी सुटलं. उन्हाळी भाताची चिखलणी पाण्याच्या पाळीत उरकायची असते. आपली पाळी गेली की पाणी खालच्या गावाला. पहिल्याच सकाळी कडाक्याची थंडी पडली आणि ट्रॅक्टर काही केल्या उठेना. निखारे झाले, तीनदा उतारावरून ढकलून झालं. पाणी खाचरात येऊन थांबलं होतं, माणसं चिडली होती. दामाअण्णानं बॉनेट उघडलं, हात घातला, आणि ते टोक बाहेर ओढलं. कापलेली वायर, वर लाल पट्टी.

"कुनी कापली ही?" त्यानं विचारलं.

चावी कायम कमळूकडे. बॉनेट रोज कमळू उघडणार. दहा-पंधरा जणांचे डोळे कमळूकडे वळले. कमळूचे माझ्याकडे. तो बघत राहिला, जणू वर्गात उत्तर येत असलेला मुलगा दुसऱ्याला संधी देतोय.

मी गळ्यातला मफलर सावकाश नीट केला. मग म्हणालो, "ते जाऊ दे. आधी वायर बदलून घेऊ."

एवढंच. कमळूवर मी आळ घेतला नाही असं मी पुढं स्वतःला खूपदा सांगितलं. पण त्या क्षणी कमळूला दोषी ठरवायला तेवढं पुरलं. मी पिशवीतून नवी वायर काढली, जोडली, चावी अर्धी फिरवून वीस मोजले, आणि ट्रॅक्टर पहिल्या हाकेला उठला. लोक म्हणाले, गुरुजी म्हणजे पुढचं बघणारा माणूस, पिशवीत वायर तयार! आजही गावात ती गोष्ट अशीच सांगतात. कमळूनं चावी बॉनेटवर ठेवली आणि बांधावरून वाडीच्या वाटेला लागला. मी हाक मारली नाही.

तो माथेरानला गेला. हातरिक्षा ओढायला. जिथं कुठल्याच गाडीला वर यायची परवानगी नाही, इंजिन म्हणून ऐकू यायचं ते फक्त छोट्या रेल्वेचं, अशा गावात आमच्या खोऱ्यातला सगळ्यात चांगला कान वर्षानुवर्षं लाल धूळ तुडवत राहिला. आमच्या अंगणातून सूर्य रोज माथेरानमागं बुडतो. इतक्या संध्याकाळी बुडताना पाहिला, पण एकदाही वर जाऊन कमळूला भेटलो नाही. आणि गावात एक बोलणं रूढ झालं. कुणी काही मोडून गप्प बसला की म्हणायचे, यानं कमळूची वायर केली. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा म्हणायची. मी खडू हातात घेऊन ऐकायचो.

सुमनला कळलं पुढच्या गणपतीत. खोकं उघडलं, माळेला जोडलेली ती हातभर वायर निघाली. तिनं ती फेकली नाही. मीही टाकून दिली नाही. दरवर्षी भाद्रपदात ती निघते, सुमन ती माझ्यासमोर ठेवते, मी ती परत खोक्यात ठेवतो. आमच्याकडचा हा एक जास्तीचा विधी.

तर परवाची सकाळ. ट्रॅक्टर आता दामाअण्णा सांभाळतो. मधली बरीच वर्षं कुणी उन्हाळी भात करत नव्हतं. यंदा पाच-सहा घरांनी पुन्हा मनावर घेतलं आहे. चालवायला मात्र माणूस नाही. त्या संध्याकाळी दामाअण्णाच्या शेतात पोपटी लागली, तिथंच हा विषय निघाला. कुणीतरी आधीच वनिताचं नाव सुचवलं होतं. वनिता कमळूची नात. खालापूरकडे वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवते, आणि गुण म्हणे आजोबाचेच. तिला बोलावलंही होतं. ती आली होती, आणि तिच्या हाताला धरून कमळूही डोंगर उतरून आला होता. डोळ्यांनी अधू झालाय, केस पांढरे, पण हसणं तेच. पेंढ्याच्या जाळाशी बसून तो आधी म्हणाला की पोपटीत ओवा कमी पडलाय, वासावरून.

दामाअण्णानं वनिताकडे पाहिलं आणि त्याची जुनी जीभ चालली. "कमळूची नात व्हय? मंग वायरी मोजून घ्या रं आधी."

सगळे हसले. हसण्यात काही विष नव्हतं, वर्षानुवर्षांची सवय होती. कमळूही हसला. वनिता हसली नाही. तिनं आजोबाचा हात धरला आणि उठायला लागली.

मी उठलो. गुडघे कुरकुरले, सुमननं काठी पुढं केली. आणि दुपारीच तिनं माळ्यावरून खोकं उतरवून, भाद्रपदाची वाट न बघता, ती वायर माझ्या कोटाच्या खिशात घातली होती, हे खिशात हात गेल्यावर मला कळलं.

मी वायर जाळाच्या उजेडात धरली. म्हणालो, "वायर मी कापली होती. गणपतीच्या माळेला. कमळूनं दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोललो. आणि त्या दिवशी गप्प बसलो."

शेंगा तडतडत होत्या. दामाअण्णानं वायर माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली. लाल पट्टीचा एक तुकडा अजून तिला चिकटलेला होता. मग त्यानं बंडीच्या खिशातून चावी काढली आणि कमळूपुढं धरली.

"मला नगं," कमळू म्हणाला. "मला गियर दिसायचा नाय आता. तिला द्या."

मी कमळूजवळ जाऊन खाली बसलो. हात जोडले. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लाल पट्टी तुमच्या मखराची. पयल्याच दिशी वळखली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हून थांबलो व्हतो," कमळू म्हणाला, आणि मडक्याच्या दिशेला मान वळवून, "लय टाइम लावलात वो गुरुजी. शेंगा करपल्या."

खरंच करपल्या होत्या. आधी सुमन हसली, मग वनिता, मग सगळे. मीही हसलो, पण माझे डोळे धुरानं भरून आले होते. धुरानंच म्हणतो. आम्ही त्या करपलेल्या शेंगा बोटं काळी होईस्तोवर खाल्ल्या, आणि ओवा खरोखरच कमी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनितानं ट्रॅक्टर तपासला. हीटरच्या वायरी तिनं सगळ्यांसमोर मोजल्या, दामाअण्णाकडे बघत. वायरी पूर्ण होत्या. तिनं एकदा स्टार्टर मारला, कान देऊन ऐकलं आणि सांगितलं की बॅटरी म्हातारी झालीय. हीटर गरम केला की स्टार्टरला ताकदच उरत नाही. नवी येईपर्यंत हीटर लावून ट्रॅक्टर ढकलायचा. दामाअण्णा म्हणाला, बॅटरीच कशाला, इथं सगळेच तसे आहेत.

धुकं होतं. समोर माथेरानचा माथा पिवळा झाला होता. वनिता सीटवर बसली, वीस मोजून हीटर तापवला, दुसरा गियर टाकला. दूधवाले आता मोटारसायकलवर असतात, पण थांबले. बायका थांबल्या. मी सवयीनं पुढं निघालो, तर कमळूनं माझा हात धरला.

"तुमी मागं जा. मोजतो मी."

मी मागं गेलो. काठी सुमनकडे दिली आणि ट्रॉलीच्या गार लोखंडाला हात लावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेजारी दामाअण्णा, पलीकडे चार पोरं, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

कमळू पुढं उभा राहिला. हात वर केला. "एक," तो म्हणाला. "दोन."

आणि थांबला. आम्ही सगळे वाकून, दम धरून वाट बघतोय, आणि तो काही तीन म्हणेना. मी मान वर करून पाहिलं. गळ्यात मफलर नव्हताच त्याच्या. तरी तो, माझ्या दिशेला तोंड करून, नसलेला मफलर सावकाश, अगदी सावकाश नीट करत होता.